बजावणीचा शेरा : दिवाणी न्यायाच्या उंबरठ्याचा इतिहास

न्यायसंस्थेचा इतिहास बहुधा निकालपत्रांच्या आधारे लिहिला जातो. कोणता कायदा केव्हा संमत झाला, कोणत्या न्यायाधीशाने कोणते तत्त्व मांडले आणि त्याचा पुढील निर्णयांवर काय परिणाम झाला, या प्रश्नांभोवती तो फिरत राहतो. परंतु कोणत्याही दिवाणी दाव्यात न्यायाधीशाने पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी एक साधी घटना घडलेली असावी लागते. न्यायालयाचा एक कनिष्ठ नोकर कागद घेऊन प्रतिवादीच्या दाराशी जातो, तो कागद त्याच्या हाती देतो, त्याची सही अथवा अंगठा घेतो आणि परत येऊन घडल्या गोष्टीचा चार ओळींचा शेरा लिहितो. ही घटना खरोखर घडली असेल तर पुढील सर्व कामकाजाला न्याय हे नाव देता येते. ती घडली नसेल आणि घडल्याचा शेरा मात्र असेल, तर उत्तमातील उत्तम निकालपत्रही एका अनुपस्थित माणसाविरुद्ध केलेली एकतर्फी कृती ठरते.

समन्सबजावणी हा विषय प्रक्रियात्मक कायद्यातील एक रुक्ष प्रकरण म्हणून वकिलीच्या पुस्तकांकडे सोपवला गेला आहे. वस्तुतः गेल्या दोनशे वर्षांत या बाबतीत कायद्याने केलेले बहुतेक बदल एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. न्यायाधीशाच्या नजरेआड, एखाद्या गल्लीत किंवा वस्तीवर, एकट्या नोकराने काय केले हे न्यायालयाला कसे कळावे, आणि त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचा मागोवा मराठी मुलुखातील कागदपत्रांपासून आजच्या अखिल भारतीय व्यवस्थेपर्यंत घेतला असता, या उपेक्षित कामाचे मोल ध्यानात येते.

१. शब्दांची साक्ष

या क्षेत्रातील मराठी शब्दसंपत्ती मुळातच बोलकी आहे. ‘समन्स’ आणि ‘बेलिफ’ हे इंग्रजीतून आले, तर ज्याच्या देखरेखीखाली बेलिफ काम करतात तो ‘नाझर’ अरबीतून आला. पाहणारा, देखरेख करणारा, हा त्याचा मूळ अर्थ. ज्याने दारावर जाऊन पाहावयाचे तो बेलिफ आणि त्याने खरोखर पाहिले की नाही हे ज्याने पाहावयाचे तो नाझर, अशी ही रचना होय. उत्तर हिंदुस्थानातील न्यायालयांत याच क्रियेला ‘तामील’ म्हणतात. अरबी ‘अमल’ या धातूशी त्याचे नाते आहे. हुकूम अंमलात आणणे हा त्याचा भाव. मराठीने मात्र ‘बजावणे’ हे क्रियापद निवडले. फारसी ‘बजा’ म्हणजे जागच्या जागी, योग्य स्थळी. कर्तव्य बजावणे, हुकूम बजावणे, एखाद्याला बजावून सांगणे, या तिन्ही प्रयोगांत काम पुरे करणे आणि ऐकणाऱ्याच्या मनावर ते ठसवणे, असे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. कागद पोहोचवणे ही टपालाची क्रिया आहे. बजावण्यात पोहोचवणाऱ्याने समोरच्याला नीट समजून दिले असे गृहीत असते.

मराठी भाषकांच्या व्यवहाराचे क्षेत्र महाराष्ट्राबाहेरही पसरले असल्यामुळे या शब्दांना शेजारही निरनिराळे लाभले. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी राज्यव्यवहारकोश प्रसिद्ध केला. एकाच न्यायालयीन संज्ञेसाठी मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, बंगाली आदी भाषांत कोणते शब्द रूढ आहेत किंवा असावेत याचा विचार तेथे प्रथमच इतक्या विस्ताराने एकत्र दिसतो. प्रशासनाचा शब्द प्रजेला कळावा, हा त्यामागील आग्रह समन्सच्या बाबतीत विशेषच लागू पडतो. न कळणारा कागद हाती पडणे आणि कागद न मिळणे यांत सामान्य माणसाच्या दृष्टीने फारसे अंतर नसते.

२. मसाला, राजीनामा आणि तगादा

मराठेकालीन न्यायपद्धतीत वादी-प्रतिवादींना हजर करण्याची रीत वेगळ्या पायावर उभी होती. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या व्यवस्थेची तपशीलवार मांडणी आढळते. फिर्याद आली म्हणजे सरकारातून किंवा अंमलदाराकडून प्यादा रवाना होई. त्याच्या खर्चापोटी, ज्याच्याकडे त्याला धाडले त्याच्याकडून जी रक्कम वसूल होई तिला ‘मसाला’ म्हणत. बोलावणे आणणारा माणूस पोसण्याचा भार बोलावलेल्यावर पडत असल्यामुळे प्याद्याचे दारात असणे हाच एक दबाव होता. बोलावणे पोहोचले की नाही, असा वाद तेथे सहसा उद्भवण्यासारखा नव्हता. प्यादा दारात बसलेला सर्वांना दिसत असे.

पुढे दोन्ही पक्षांकडून राजीनामा, म्हणजे होणारा निर्णय मान्य करण्याचे लेखी संमतिपत्र, आणि जामीन घेतले जात. त्यानंतर गोत किंवा पंचायत बसे आणि निर्णयाचा महजर तयार होई. या पद्धतीत दोन्ही पक्षांची प्रत्यक्ष उपस्थिती हीच निर्णयाची पूर्वअट होती. प्रतिवादी नसताना निर्णय करावयाचा तर राजीनामा द्यावयाचा कोणी, हा प्रश्न उभा राही.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात पंचायतीच्या गुणांबरोबर तिच्या उणिवांचीही नोंद आहे. प्रतिवादीला पंचायतीसमोर आणण्याची ठरावीक व खात्रीची शक्ती तिच्यापाशी नव्हती. म्हणून धनको ‘तगाद्या’चा आश्रय घेत. तगादा म्हणजे नुसते मागणे नव्हे. दारात धरणे धरण्यापासून ऋणकोला उपाशी ठेवण्यापर्यंत आणि शारीरिक छळापर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. सामर्थ्यवान माणूस दुर्बळाला न्यायासमोर खेचू शके. दुर्बळाने सामर्थ्यवानाला कसे खेचावे, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. बोलावण्याचे काम खाजगी दबावाकडून काढून घेऊन न्यायालयाच्या तटस्थ नोकराकडे सोपवणे, ही नव्या राजवटीने केलेली सुधारणा म्हणूनच खरी सुधारणा होती.

३. तटस्थ नोकर आणि त्याची वाट

मुंबई इलाख्यात १८२७ च्या विनियमांनी, म्हणजे एल्फिन्स्टन संहितेने, दिवाणी न्यायालयांची रचना व कार्यपद्धती निश्चित केली. १८५९ च्या आठव्या अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानातील दिवाणी प्रक्रियेला प्रथमच एकत्रित संहितेचे रूप दिले. पुढे १८७७, १८८२ आणि १९०८ मध्ये तिची नवी रूपे आली. या संहितांतून समन्सचा जो आकार घडला तो आजही मूलतः तोच आहे. न्यायाधीशाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची सही, न्यायालयाची मोहोर, हजर राहण्याची तारीख आणि सोबत वादपत्राची प्रत, असा तो कागद. त्याची एक प्रत प्रतिवादीला द्यावयाची आणि मूळ प्रतीवर पोच घेऊन ती शेऱ्यासह न्यायालयात परत करावयाची.

या बदलात एक गोष्ट सूक्ष्मपणे पालटली. मसाला प्रतिवादीवर बसत असे. नव्या व्यवस्थेत बजावणीची फी वादीने भरावयाची होती. प्रतिवादीचे घर दाखवण्याचे आणि ‘हाच तो’ म्हणून ओळख पटवण्याचे कामही व्यवहारात वादीच्याच माणसाकडे आले, कारण बेलिफ परक्या गावचा असे. न्यायालयाचा नोकर तत्त्वतः तटस्थ राहिला. परंतु त्याच्या वाटेवरचा सोबती, वाटाड्या आणि ओळखदार हे तिन्ही एका पक्षाचे झाले. यात कोणाचा हेतू वाईट होता असे मानण्याची गरज नाही. व्यवस्थेची ठेवणच अशी होती की बेलिफाने प्रामाणिक राहण्यासाठी रोज थोडे अधिक श्रम घ्यावे लागत आणि अप्रामाणिक होण्यासाठी काहीच करावे लागत नसे.

४. १८७५ : एकतर्फी हुकूमनाम्यांचा प्रदेश

या ठेवणीची किंमत दख्खनच्या शेतकऱ्याने मोजली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. उठावकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. या कागदांतील हुकूमनामा हा न्यायालयाने दिलेला होता, ही बाब विसरता येत नाही. शेतकरी जाळत होता त्यात त्याच्या गैरहजेरीत झालेले न्यायालयीन निर्णयही होते.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८७६ मध्ये अहवाल सादर केला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यांवरील दाव्यांची मुदत आखडली होती. त्यामुळे दावे वाढले, रोखे पुनःपुन्हा नवे करून घेतले जाऊ लागले, आणि दाव्यांपैकी फार मोठा भाग एकतर्फी निकालात निघू लागला, हे चित्र त्या चौकशीतून पुढे आले. समन्स आपल्यापर्यंत आलेच नाही, ही शेतकऱ्यांच्या तक्रारींपैकी एक प्रमुख तक्रार होती. दुसरीकडे, समन्स मिळूनही शेतकरी न्यायालयात जात नसे, हेही खरे होते. तालुक्याच्या गावापर्यंतची वाट, बुडणारा दिवस, न वाचता येणाऱ्या रोख्यावरील आपलाच अंगठा आणि निकाल काय लागणार याची आधीच पटलेली खूण, ही त्याची कारणे.

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक पेच उभा राहतो. समन्स न मिळाल्यामुळे गैरहजर असलेला आणि मिळूनही न आलेला, या दोघांच्या दाव्यांपुढे नोंदवहीत ‘एकतर्फी’ हा एकच शब्द आहे. पहिल्यावर अन्याय झाला. दुसऱ्याने आपला हक्क सोडला. दोघांना वेगळे करू शकणारा कागद एकच : बजावणीचा शेरा. तो शेरा खोटा किंवा मोघम असेल तर त्या काळच्या न्यायाधीशालाही हा फरक कळणे शक्य नव्हते आणि आजच्या संशोधकालाही तो कळत नाही.

१८७९ च्या दख्खन कृषकमुक्ती कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरती यावर जी उपाययोजना केली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शेतकऱ्याविरुद्धचा दावा तो राहतो त्या भागातील न्यायालयातच दाखल व्हावा, न्यायालयाने प्रतिवादीची स्वतः तपासणी करावी, आणि रोख्याचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर कायद्याने बजावणीच्या कागदावरील आपला विश्वास कमी केला आणि प्रतिवादीचा चेहरा पाहण्याचा आग्रह धरला. या कायद्याखालील न्यायालयांच्या कामकाजाची तपासणी करणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर नेमणूक होईपर्यंत ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश होते. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात कचेऱ्यांतील कारकुनांच्या नाडवणुकीवर जो प्रहार आहे, त्याची पार्श्वभूमीही हीच. रानडे आणि फुले यांच्या भूमिकांत मोठे अंतर असले, तरी न्यायालयाची पायरी आणि शेतकऱ्याचा उंबरठा यांमधील मधली माणसे हा दोघांच्याही चिंतेचा विषय होता.

५. ‘मिळून आला नाही’

प्रतिवादी घरी नसेल तर बेलिफाने काय करावे, हा बजावणीच्या कायद्यातील सर्वांत कठीण प्रश्न. दारावर समन्सची प्रत चिकटवून परत येण्याची मुभा कायद्याने दिली होती. परंतु एकदा जाऊन दार बंद दिसले एवढ्यावर ही मुभा घेता येईल काय? कलकत्ता उच्च न्यायालयाने १८९२ च्या एका निर्णयात याचे स्पष्ट उत्तर दिले. एखाद्याच्या घरी जाणे आणि तो तेथे न सापडणे, याला त्याला शोधण्याचा प्रयत्न म्हणता येत नाही. घरी जावे, चौकशी करावी आणि आवश्यक तर तो जेथे गेला असेल तेथवर त्याच्या मागे जावे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. बेलिफाच्या कामाची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच कोणी केली असेल.

१९०८ च्या संहितेतील पाचव्या आदेशाच्या सतराव्या नियमात ही अपेक्षा शब्दबद्ध आहे. बजावणी करणाऱ्याने योग्य व वाजवी तत्परता दाखवूनही प्रतिवादी सापडला नाही, तरच प्रत दारावर किंवा घराच्या दर्शनी भागावर चिकटवता येते. त्यानंतर आपण असे केल्याचे, कोणत्या परिस्थितीत केले त्याचे, घर कोणी दाखवले आणि कोणाच्या समक्ष प्रत चिकटवली त्यांच्या नावपत्त्यांसह निवेदन करावे लागते. अठराव्या नियमाप्रमाणे बजावणीची वेळ व रीत नोंदवावी लागते. एकोणिसाव्या नियमाप्रमाणे, शेरा शपथपत्राने प्रमाणित नसेल तर न्यायालयाने बेलिफाची शपथेवर तपासणी केलीच पाहिजे. १९७६ च्या दुरुस्तीने यात आणखी एक अट घातली. प्रतिवादी त्या वेळी घरी नाही एवढेच पुरेसे नाही; वाजवी काळात तो घरी सापडण्याची शक्यता नाही, हेही दिसले पाहिजे.

या नियमांकडे साहित्याच्या अभ्यासकाने गद्यलेखनाचे नियम म्हणूनही पाहावे. न्यायालयीन मराठीत एक ठरीव वाक्य पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे : प्रतिवादी घरी मिळून आला नाही, सबब समन्स दारास चिकटविले. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, कारण आणि कार्य यांना जोडणारे ‘सबब’ही त्यात आहे. परंतु त्यात दिवस नाही, वेळ नाही, विचारले कोणाला ते नाही आणि त्याने काय सांगितले तेही नाही. असे वाक्य कचेरीत बसूनही लिहिता येते. हाच त्याचा दोष. याउलट, सकाळी अमुक वाजता गेलो असता घरास कुलूप होते, शेजाऱ्याने प्रतिवादी ऊसतोडीस परजिल्ह्यात गेल्याचे व पाडव्यास परतणार असल्याचे सांगितले, सबब समन्स न चिकटविता परत सादर, असा शेरा वाचताच तो लिहिणारा तेथे गेला होता हे कळते. नियमाला अपेक्षित असलेला प्रत्येक तपशील हा प्रत्यक्ष गेल्याशिवाय मिळू न शकणारा तपशील आहे. खोटे लिहिणे अशक्य करता येत नाही, परंतु ते कष्टाचे आणि उघडे पडण्यासारखे करता येते, हे त्यामागील शहाणपण होय.

बेलिफाच्या बाजूनेही काही सांगणे न्याय्य ठरेल. न्यायालयाच्या आस्थापनेत तो तळाशी असतो आणि लोकांच्या दारात मात्र तो संपूर्ण न्यायालयाचे रूप असतो. त्याच्याविषयीचा राग मुळात हुकुमाविषयीचा असतो, पण तो त्याला सोसावा लागतो. समन्स टाळण्यासाठी फरारी होणे, बजावणीस अडथळा आणणे किंवा चिकटवलेले समन्स काढून टाकणे, हे १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गुन्हे ठरवले होते आणि त्या तरतुदी २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही आल्या आहेत. टाळणारा प्रतिवादी हे वास्तव आहे आणि त्याचा उपद्रव प्रामाणिक वादीला होतो. म्हणून दक्ष बेलिफाचा तपशीलवार शेरा वादीच्याही हिताचा असतो. बजावणी झालीच नव्हती असे सिद्ध झाले तर वर्षानुवर्षांनंतरही एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो आणि सारे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. बजावणीत केवळ किरकोळ अनियमितता असून प्रतिवादीला तारखेची माहिती व पुरेसा अवधी होता, तर हुकूमनामा रद्द होणार नाही, अशी पुस्ती १९७६ मध्ये जोडून संहितेने दोन्ही बाजूंचा तोल सांभाळला आहे.

६. घरातील स्त्री, शेजारचा प्रांत

प्रतिवादी नसताना समन्स घरातील कोणाकडे द्यावे, या नियमात समाजाचा इतिहास दडलेला आहे. १९०८ च्या संहितेच्या मूळ मजकुराप्रमाणे ते कुटुंबातील प्रौढ पुरुषाकडेच देता येत होते. दारात उभी असलेली प्रौढ, प्रसंगी शिकलेली स्त्री कायद्याच्या दृष्टीने कागद स्वीकारण्यास पात्र नव्हती. पुरुष कामावर गेलेल्या घरी बेलिफाला परत फिरावे लागे किंवा समन्स दाराला चिकटवावे लागे. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्री असो वा पुरुष, कुटुंबातील कोणतीही प्रौढ व्यक्ती, असा बदल केला. फौजदारी प्रक्रियेत मात्र १९७३ च्या संहितेनेही ‘पुरुष’ हा शब्द कायम ठेवला होता. १ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तो गाळला. घरातील नोकर हा मात्र दिवाणी नियमाच्या दृष्टीने कुटुंबातील व्यक्ती नाही. गड्याच्या हाती कागद देऊन निघून येणाऱ्या बेलिफाने बजावणी केलेली नसते.

दुसरा प्रश्न भाषेचा. महाराष्ट्रात २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. परंतु दाव्यातील प्रतिवादी इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहत असेल तर समन्स त्या राज्यातील न्यायालयामार्फत बजावले जाते आणि बजावणीचा शेरा तेथील भाषेत लिहिला जातो. शेऱ्याची भाषा समन्सच्या भाषेहून भिन्न असेल तर सोबत त्याचा हिंदी अथवा इंग्रजी अनुवाद पाठवावा, अशी तरतूद संहितेच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे. तेलुगू बोलणाऱ्या बेलिफाने दारात जे पाहिले ते दुसऱ्या भाषेतून मराठी न्यायालयापुढे येते. बहुभाषिक देशात न्यायाची साखळी अशा अनामिक अनुवादांवर अवलंबून असते, ही बाब भाषाभ्यासकांनी अद्याप पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

गोव्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे १५ जून १९६६ रोजी भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली. तोपर्यंत पोर्तुगीज प्रक्रिया संहिता चालू होती. पोर्तुगीज न्यायव्यवस्थेत बेलिफाचे पदनाम ‘ओफिसियाल द दिलिजेंसियश’ असे होते. ‘दिलिजेंसिया’ म्हणजे तत्परता आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ न्यायालयाने सोपवलेली कामगिरी. इंग्रजी वळणाच्या संहितेने तत्परता ही बेलिफावर घातलेली अट मानली. पोर्तुगीज परंपरेने ती त्याच्या पदाच्या नावातच गुंफली. नावामुळे माणूस तत्पर होतो असे नाही, परंतु त्या पदाकडून काय अपेक्षित आहे ते नाव विसरू देत नाही.

७. टपालापासून दूरध्वनीपर्यंत

माणसावर विश्वास ठेवणे कठीण, तर माणूसच वगळावा, असा विचार प्रत्येक पिढीने केला आहे. १९७६ मध्ये बेलिफाबरोबरच नोंदणीकृत टपालानेही समन्स धाडण्याची तरतूद आली. १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्यांनी १ जुलै २००२ पासून न्यायालयमान्य कुरिअर, फॅक्स आणि ई-मेल यांना स्थान दिले आणि न्यायालयाच्या परवानगीने वादीलाच समन्स बजावण्याची मुभा दिली. या दुरुस्त्यांना दिलेल्या आव्हानाचा निर्णय करताना सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्या ग्राह्य धरल्या. प्रतिवादी समन्स टाळतात आणि बजावणी यंत्रणेत गंभीर दोष आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. त्याचबरोबर खोट्या अहवालांचा धोका निःसंशय आहे आणि समन्स नाकारल्याच्या शेऱ्यावर विसंबताना न्यायालयांनी सावध राहिले पाहिजे, असा इशाराही दिला. कुरिअरचा माणूस हाही अखेर दारापर्यंत जाणारा किंवा न जाणारा माणूसच असतो.

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस पोहोचली व उघडली गेली, हे त्यावरील खुणांवरून ग्राह्य मानले. महासाथीच्या काळात १० जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलबरोबर अशा संदेशसेवांद्वारे बजावणीस मान्यता दिली. ई-न्यायालय प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात बेलिफाच्या हाती स्मार्टफोन आला. त्यातील प्रणाली तो कोठे पोहोचला ते स्थान नोंदवते आणि छायाचित्र व सही तेथल्या तेथे न्यायालयाकडे पाठवते. जे काम सतरावा नियम शेजाऱ्याच्या नावपत्त्याकडून करून घेत होता, ते आता उपग्रहाकडून करून घेतले जाते. फौजदारी समन्सच्या इलेक्ट्रॉनिक बजावणीची तरतूद नव्या संहितेत आहे. तरीही पोलिसांनी हजर राहण्यासाठी द्यावयाची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मार्गाने देणे हे प्रत्यक्ष बजावणीचा पर्याय होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी स्पष्ट केले. जेथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते तेथे पडद्यावरील खूण पुरेशी मानण्यास न्यायालय तयार नाही.

या साधनांचा लाभ नाकारता येणार नाही. बेलिफ घराजवळ गेला होता काय, या प्रश्नाचे उत्तर आज पूर्वीपेक्षा खात्रीने मिळते. परंतु तेथे जाऊन त्याने हाक मारली काय, शेजाऱ्याला विचारले काय, वाचता न येणाऱ्या वृद्धेला हा कागद कशाचा आणि कोणत्या तारखेचा हे समजून दिले काय, याचे उत्तर स्थानदर्शक नकाशात नसते. क्रमांक बदललेल्या, एकच दूरध्वनी चौघांत वापरणाऱ्या किंवा कामासाठी परप्रांतात गेलेल्या कुटुंबाच्या बाबतीत तर १८७५ चा पेच नव्या रूपात उभा राहतो. संदेश गेला असतो आणि बजावणी झालेली नसते.

समारोप

पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले विवियन बोस यांनी १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयात प्रक्रियेच्या कायद्याचे मर्म सांगितले आहे. प्रक्रिया ही न्याय सुकर करण्यासाठी असते, माणसांना अडकवण्यासाठी नसते. आणि कोणालाही त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय दोषी धरू नये या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर ती उभी असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हे तत्त्व निकालपत्रांतून घोषित होते, पण पाळले जाते ते दारात. मसाल्यासाठी बसलेल्या प्याद्यापासून स्मार्टफोन घेतलेल्या बेलिफापर्यंतच्या इतिहासात साधने पालटली, फी कोणी भरावयाची ते पालटले, कागद कोणाच्या हाती द्यावा तेही पालटले. न्यायालयाच्या डोळ्यांआड केलेले काम डोळ्यांसमोर केल्यासारखे करणारा माणूस लागतो, ही गरज मात्र तशीच राहिली. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये जाळलेल्या हुकूमनाम्यांपैकी किती जणांना समन्स खरोखर मिळाले होते, हे सांगू शकणारा साक्षीदार एकच होता, आणि त्याच्या चार ओळींकडे त्या वेळी कोणी पुरेसे लक्ष दिले नाही. जिल्हा न्यायालयांच्या दप्तरखान्यांत आजही पडून असलेले बजावणीचे शेरे इतिहासाची आणि मराठी गद्याची साधने म्हणून तपासले जाणे, हे या अभ्यासक्षेत्रातील एक राहून गेलेले काम आहे.